तंजावरचे जेवण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषण करता येत नाही हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी बोल लावायला नको. आजवर मंडळात माझे काम म्हणजे सतरंज्या घालणे, हळदीकुंकवाला वाण मोजून ठेवणे आणि भिशीचा हिशेब. पण कार्यवाहबाईंनी धोशाच लावला की, ‘तू दक्षिण पाहून आलीस, दोन शब्द सांग.’ यात्रेची वर्णने तुम्ही पुष्कळ ऐकली आहेत. म्हणून मी देवाचे थोडे सांगणार आहे आणि जेवणाचे जास्त. त्यात माझी फजिती आहे, ती हसण्यावारी न्या. थोडे दुखणेही आहे, ते मी झाकून ठेवणार नाही.

माझा थोरला दीड वर्षापूर्वी चेन्नईला मोटारींच्या कारखान्यात नोकरीला लागला. २०२५ च्या डिसेंबरात नाताळची सुट्टी जोडून त्याने आम्हां सर्वांना बोलावून घेतले. सर्वांना म्हणजे हे, मी, धाकटी आणि सासूबाई. सासूबाईंचे वय चौऱ्याहत्तर. मामंजी गेल्यापासून त्या सोलापूरच्या बाहेर पडल्या नव्हत्या. त्या नाहीच म्हणत होत्या, पण नातवाने फोनवर ‘आजी, तू नाही आलीस तर मी कुणालाच नेणार नाही’ असे म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची पिशवी भरून तयार!

प्रवासाला निघताना मी काय केले ते सोलापूरच्या बायकांना सांगायला नको. कडक भाकरी चाळीस, शेंगांची चटणी मोठी बरणीभर, वर गुळाच्या दशम्या. वाडी, रायचूर, गुंतकल करीत गाडी गेली, आणि आम्ही बाहेरचा एक घास घेतला नाही. मुलाच्या खोलीवर दोन दिवस राहून, रात्रीच्या गाडीने तंजावरला उतरलो.

तंजावरच का, तर ह्यांची इच्छा. शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तेथे राज्य बसविले आणि ते १८५५ पर्यंत, म्हणजे पावणेदोनशे वर्षांच्या वर चालले. हे शाळेत आपण दोन ओळींत शिकतो आणि विसरतो. तेथील मोठे देऊळ मात्र मराठ्यांच्याही फार आधीचे, राजराज चोळ राजाचे. ते १०१० च्या सुमारास पुरे झाले. शिखर दोनशे फुटांहून उंच, आणि सगळे दगडी. मान वर करून पाहताना सासूबाईंचा पदर खाली पडला तरी त्यांना कळले नाही.

पण मला आनंद झाला तो भिंतीपाशी. देवळाच्या आवारातील भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा सारा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. मराठीत, आणि आपल्या बाळबोध अक्षरांत! चहूकडे तमिळ पाट्या, एक अक्षर ओळखीचे नाही, आणि तेवढ्यात हे दिसले. मी बोट फिरवीत फिरवीत वाचू लागले. सगळा अर्थ लागला असे नाही, जुनी भाषा, शब्दही एकाला एक चिकटलेले. पण अक्षर न् अक्षर लागत होते. मुलांना ते जमेना, त्यांची शाळा इंग्रजी. धाकटी म्हणाली, ‘आई, तुला हे येतं?’ मी सातवी पास, तिने आजवर मला असा प्रश्न कधी विचारला नव्हता. मी अर्धा तास वाचीत होते, चार लोक मागे येऊन उभे राहिले होते. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे दोन तासांतच माझे काय झाले ते तुम्हांला कळावे.

दुपारी देऊळ बंद होते. मुलाने आधीच ठरवून ठेवले होते. जुन्या वाड्यासारख्या इमारतीत एक मोठे हॉटेल आहे, तेथे त्याने फोन करून पाच जणांची जागा राखून ठेवली होती. नाव सांगत नाही, सांगण्यासारखे त्यांच्याकडे चांगलेही होते आणि वाईटही. त्याचा पहिला बोनस झाला होता, त्यातून त्याला आम्हांला जेवू घालायचे होते. दारातच एका मुलीने कपाळाला गंध लावले, थंड पंचा दिला. आत पितळी दिवे, पांढऱ्या चादरी, आणि इतकी शांतता की माझ्या बांगड्या वाजल्या तरी मला लाज वाटे.

बसल्यावर प्रत्येकाच्या हातात एकेक जाड पुस्तक दिले. ती पदार्थांची यादी. सगळी इंग्रजीत. आमच्या वेळी पाचवीपासून इंग्रजी होते, म्हणजे मला लिपी येते, ‘राइस’ लागते, ‘कर्ड’ लागते. पण तेथे एकेका पदार्थाला तीन तीन ओळी लिहिलेल्या. सकाळी दोनशे वर्षांपूर्वीची भिंत वाचणारी मी, दुपारी जेवणाची यादी वाचू शकत नव्हते. ह्यांनी पुस्तक मिटून ‘तू सांगशील ते’ असे मुलाला म्हणून सुटका करून घेतली. पुरुषांना ते शोभून दिसते. मी मात्र बोट ठेवून उजव्या बाजूचे आकडे वाचू लागले. आकडे मला कुठल्याही भाषेत वाचता येतात.

थाळी नऊशे पन्नास रुपयांना. एक!

आता माझी चूक सांगते. मी मोठ्याने म्हणाले, ‘अरे, साडेनऊशे? पाच थाळ्या कशाला, तीन मागव. आजी कितीशा जेवतात, मी आणि ताई एकीत भागवू.’ वाढणारा मुलगा शेजारीच उभा होता. त्याला मराठी कळत नसेल, पण बोटांनी मी ‘तीन’ दाखविले ते कळले. तो नम्रपणे म्हणाला की एक थाळी दोघांत चालत नाही. एवढ्यावर थांबावे की नाही? पण सासूबाई हळूच म्हणाल्या, ‘मला भाताने होत नाही गं, भाकरी आहे का?’ मी पिशवीतून फडके काढले आणि टेबलावर सोडले. कडक भाकरीचा आवाज तुम्हांला ठाऊक आहे. त्या शांततेत तुकडा मोडला तो जणू फटाका! शेजारच्या टेबलावरची माणसे वळून पाहू लागली. वाढप्याने सांगितले, बाहेरचे अन्न येथे चालत नाही.

तेव्हा मुलगा दबक्या आवाजात मला म्हणाला, ‘आई, तुला वाचता येत नाही तर निदान गप्प तरी बस.’

भगिनींनो, त्याचा पगार माझ्यापेक्षा मोठा आहे, त्याची उंची माझ्यापेक्षा मोठी आहे, पण हे वाक्य त्याने कधी म्हटले नव्हते. मी भाकरी फडक्यात बांधली. पिशवी पायाशी ठेवली. ह्यांनी छताकडे पाहिले. धाकटीने मोबाइलमध्ये तोंड घातले. मुलाचे कान लाल झाले होते. तो बोलून गेला होता, आणि शब्द मागे घेता येत नाही, सगळ्यांसमोर तर नाहीच. मला रडू येत होते, पण त्या पांढऱ्या चादरीवर डोळ्यांतले काजळ पडले तर त्याचेही पैसे घेतील, असे मनात आले आणि उलट हसूच आले. असे होते कधी कधी.

मग पाच थाळ्या आल्या. खोटे कशाला बोलू, थाळी सुरेख होती. पितळेच्या ताटात केळीचे पान, त्यावर दहा-बारा वाट्या. वाढपी एकेका वाटीवर हात दाखवून नाव सांगत होता. ही ‘रसवांगी’, वांग्याची, डाळ आणि खोबरे घातलेली. हे ‘पिटलै’, कारल्याचे, चिंचेच्या डाळीतले. हे सांबार. सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडले अशी कथा तिकडे सांगतात, खरे-खोटे देव जाणे. हे ‘कोसुमल्ली’, म्हणजे भिजवलेल्या मुगाच्या डाळीची कोशिंबीर. सासूबाईंनी पिटलै चाखले आणि म्हणाल्या, ‘ह्याला पिठलं म्हणत असतील तर मग आपण करतो ते काय?’ पण नाव ऐकून त्या जरा सावरून बसल्या होत्या.

आणि मग शेवटची लहान वाटी. दह्यातले काही पांढरे, वर मोहरी-मिरचीची फोडणी. यादीत त्याच्याविषयी सर्वांत लांब मजकूर होता. मुलगा मोठ्याने वाचू लागला. भाजलेल्या काळ्या डाळीचे पीठ, घोटलेले दही, राजघराण्यातील पाककृती, वगैरे. तो वाचतो आहे तोवर सासूबाईंनी बोट बुडवून चाखलेही. त्या म्हणाल्या, ‘अरे, हे तर डांगर!’

वाढपी चमकला. म्हणाला, ‘येस, डांगर पच्चडी!’

सासूबाईंचे माहेर वाईकडचे. उन्हाळ्यात भाजी नसली की त्यांच्याकडे उडदाचे डांगर. आमच्या घरी त्या अजून करतात, आणि खरे सांगायचे तर मुले नाक मुरडतात, ‘आजीचा चिखल’ म्हणतात. तोच चिखल पितळेच्या वाटीत बसून साडेनऊशे रुपयांच्या थाळीत आला होता! धाकटीला हसू आवरेना. मुलगाही हसला, पण माझ्याकडे न पाहता.

सासूबाईंना आता कोण आवरणार? त्यांनी वाढप्याला खुणेने विचारले, कोण करते? तो आत गेला आणि एका वयस्क आचाऱ्यांना घेऊन आला. कपाळावर गंध, खांद्यावर पंचा. ते आमच्याशी मराठीत बोलू लागले! तिकडे पिढ्यान् पिढ्या राहिलेली मराठी घरे आहेत, त्यांतले ते. शब्द ओळखीचे, पण चाल तमिळची. काही शब्द आपण पोथीतच वाचतो असे. सासूबाई आणि ते दहा मिनिटे डांगरावर बोलले. त्यांच्याकडे कांदा घालीत नाहीत, आमच्याकडे कांद्यावाचून चालत नाही. ते म्हणाले, सरफोजीराजांच्या मुदपाकखान्यातील पाककृती मराठीत लिहून ठेवलेल्या आहेत आणि सरस्वती महाल ग्रंथालयाने त्या छापल्याही आहेत. सासूबाई म्हणाल्या, ‘आमचं कुणी लिहून ठेवलं नाही, मी सांगते ते लिहून घ्या.’ त्यांनी खरोखरच खिशातून कागद काढला. मामंजी गेल्यापासून सासूबाईंना मी असे बोलताना पाहिले नव्हते. तेवढ्यासाठी मला ती थाळी महाग वाटली नाही, हे मी कबूल करते.

बोटे धुण्याच्या लिंबाच्या पाण्याची गोष्ट तुम्ही ऐकलेली असेल, तशी फजिती मात्र आमची झाली नाही. आम्ही सरळ उठून नळावर हात धुऊन आलो.

आता बिल. चामड्याच्या घडीत घालून बिल आले आणि मुलाने न पाहताच कार्ड काढले. मला गप्प बसायला सांगितलेले होते. पण घडी माझ्यासमोरून गेली आणि डोळे आपोआप आकड्यांवर गेले. भिशीचा हिशेब पंधरा वर्षे ठेवते आहे, सवय जात नाही. थाळ्यांचे चार हजार सातशे पन्नास. पाण्याच्या दोन बाटल्या शंभरप्रमाणे दोनशे. झाले चार हजार नऊशे पन्नास. त्याखाली चारशे पंच्याण्णव. त्याखाली कराचे दोन आकडे, आणि शेवटी पाच हजार सातशे सतरा रुपये पंचवीस पैसे.

बोलावे की न बोलावे? मी एकदा ह्यांच्याकडे पाहिले. हे बडीशेप निवडीत होते. मनात म्हटले, मुलाचा पैसा, मुलाचा मान, जाऊ दे. पण पाचशे रुपये त्याच्या घामाचेच ना? मी अगदी हळू विचारले, ‘बाळा, हे चारशे पंच्याण्णव कसले?’

त्याने पाहिले. म्हणाला, ‘सर्व्हिस चार्ज. असतो तो, आई.’

तुम्हांला आठवत असेल, आपल्या मंडळात ग्राहकांच्या हक्कांवर व्याख्यान झाले होते आणि निम्म्या जणी वाती वळीत बसल्या होत्या. मीही वळीत होते, पण ऐकत होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ च्या जुलैत सांगितले की हॉटेलाने सेवाशुल्क आपणहून बिलात घालू नये; द्यायचे की नाही ही गिऱ्हाइकाची मर्जी. हॉटेलवाले न्यायालयात गेले, आणि २०२५ च्या मार्चमध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचेच म्हणणे उचलून धरले. कर द्यावाच लागतो, तो सरकारचा. सेवाशुल्क कर नव्हे. मी एवढे मुलाच्या कानात सांगितले आणि म्हटले, ‘तुला वाटलं तर दे. पण माहीत असून दे.’

तो क्षणभर बिलाकडे पाहत राहिला. मग त्याने वाढप्याला बोलावून सांगितले. व्यवस्थापक आले, म्हणाले, सगळीकडे असतो. मुलाने इंग्रजीत उत्तर दिले. काय दिले ते मला कळले नाही, पण मध्येच त्याने माझ्याकडे हात केला आणि ‘माय मदर’ असे शब्द आले, तेवढे कळले. नवे बिल आले ते पाच हजार एकशे सत्त्याण्णव रुपये पन्नास पैशांचे. करही तेवढ्या प्रमाणात उतरला होता. मी माझ्या बटव्यातून तीनशे रुपये काढून वाढप्याच्या हातात ठेवले. तो पोरगा ओडिशाचा, माझ्या धाकटीपेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठा. भाकरीच्या वेळी त्याने मला हळू आवाजात सांगितले होते, हसला नव्हता. त्याच्या हाती पडलेले मला दिसले.

पाण्याचे मात्र काही करता आले नाही. बाटल्या त्यांनी न विचारता फोडल्या होत्या, वर छापील किंमत वीस. पण बसवून वाढणाऱ्या हॉटेलाला छापील किमतीहून जास्त घेता येते असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले आहे. तेव्हा बसल्याबरोबर ‘साधे पाणी’ म्हणायचे आणि बाटलीवर हात ठेवायचा, एवढाच उपाय.

संध्याकाळी पुन्हा देवळात गेलो. पाऊस भुरभुरत होता. मुलगा माझ्याबरोबर चालत होता पण बोलत नव्हता. मीही बोलले नाही. राग होता असे नाही. काय बोलावे ते समजेना. रात्री लॉजवर सासूबाई निजल्या, हे घोरू लागले. मुलगा माझ्या खाटेवर पायथ्याशी येऊन बसला आणि मोबाइल काढला. त्याने त्या यादीच्या पानांचे फोटो काढून ठेवले होते. म्हणाला, ‘आई, ही बघ पहिली ओळ.’ आणि बोट ठेवून एकेक शब्द मला वाचून दाखवू लागला, अर्थ सांगू लागला. सगळी पाने. अकरा वाजले. माफी वगैरे त्याने मागितली नाही, मीही मागू दिली नसती. फक्त शेवटच्या पानावर मी म्हटले, ‘मीसुद्धा भाकरी काढायला नको होती.’ तो म्हणाला, ‘काढायची, पण आवाज न करता.’ मग आम्ही दोघे तोंड दाबून हसलो, आणि त्याने पिशवीतून एक भाकरी काढून चटणीशी खाल्ली. साडेनऊशेच्या थाळीने त्याचे पोट भरले नव्हते.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, ‘आई, आजीच्या डांगराचं पीठ पाठव, इथे मित्रांना खाऊ घालायचंय.’ मी दोन किलो पाठविले. कृती विचारणाऱ्या तुम्ही असालच, म्हणून सांगते. उडदाची डाळ मंद आचेवर खमंग भाजावी, करपू देऊ नये. धणे, जिरे आणि थोडे मिरे निराळे भाजावे, हिंग घालून सगळे बारीक दळून आणावे. आयत्या वेळी पीठ दह्यात किंवा ताकात कालवावे, मीठ, चिरलेला कांदा, कोथिंबीर घालावी, वरून मोहरी-हिंग-मिरचीची फोडणी. सासूबाईंचे प्रमाण हाताचे आहे, वाटीचे नाही. मी विचारले तर म्हणाल्या, ‘तंजावरच्या त्या गृहस्थांना विचार, त्यांनी लिहून घेतलंय.’

पीठ मी आज डब्यात आणले आहे आणि दही मागच्या खोलीत आहे. चहाच्या आधी कालवून देते. कांदा चिरायला दोघी जणी या.